पिस्तुलाच्या तेलावर मेश्राम मॅडमची सही

"सगळ्याला चालतं" हे शब्द मेश्राम मॅडमसमोर उच्चारायची आमच्या ऑफिसात कुणाची हिंमत नव्हती. बाहेरून येणाऱ्या विक्रेत्यांना हे ठाऊक नसे. ते बिचारे टाय सावरत बसत, बाटली टेबलावर ठेवत आणि म्हणत, "मॅडम, ये ऑइल सब में चलता है." मॅडम चष्मा कपाळावर चढवून विचारत, "सब में मतलब? घड्याळात? ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये? माझ्या भाजीत?" विक्रेता हसायचा. मॅडम हसत नसत. थोड्या वेळाने तो बाटली पिशवीत घालायचा आणि चहा न पिताच उठायचा.

मी शकील, राजापूरकडचा. मस्कतमध्ये गाला नावाच्या औद्योगिक भागात वंगणतेलांचा व्यापार करणारी आमची कंपनी आहे, तिथे मी विक्रीला. गॅरेजं, खडीचे क्रशर, पाण्याचे पंप, जिथे म्हणून काही फिरतं तिथे आमचे डबे जातात. कुठल्या यंत्राला कुठलं तेल हे मेश्राम मॅडम ठरवत, आणि त्यांची सही झाल्याशिवाय डबा गोदामाबाहेर पडत नसे. आता त्या भारतात परत गेल्या. ऑफिसात अजून कुणी ना कुणी म्हणतं की बाई हट्टी होती. होतीच हट्टी. ज्यांना त्रास झाला त्यांनी खुशाल म्हणावं, मी ऐकून घेतो आणि मनात त्यांनाच चार शब्द सुनावतो.

दिसायला बुटक्या, अंगाने भरलेल्या. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली आणि पायात जाड तळाचे सेफ्टी शूज, ऑफिसातसुद्धा. गाव भंडारा. वडील शस्त्रांच्या सरकारी कारखान्यात फिटर होते. नवरा तिकडेच शाळेत शिक्षक, आजारी आईला सोडून त्याला येता येत नव्हतं. इथे माबेलाला दोन खोल्यांत मॅडम आणि मुलगी प्रज्ञा. मुलीचा व्हिसा आईच्या नोकरीवर. म्हणजे नोकरी गेली की दोघींनाही सामान बांधायचं, हे आम्हा सगळ्यांना इथे न सांगता कळतं.

आमचे मॅनेजर प्रधानसाहेब ठाण्याचे. माणूस वाईट नाही, पण समोरच्याचं आडनाव ऐकलं की त्यांचं डोकं दुसरीकडेच धावतं. पहिल्याच दिवशी त्यांनी गोड आवाजात विचारलं, "मेश्राम म्हणजे तुम्ही...?" आणि वाक्य तसंच लोंबकळत ठेवलं.

"बौद्ध," मॅडम म्हणाल्या. "भंडाऱ्याची. मेकॅनिकल इंजिनियर. अजून काही?"

"नाही नाही, सहज विचारलं."

"मग मीपण सहजच सांगितलं."

साहेब पाणी प्यायले. त्यानंतर त्यांनी मॅडमना कामाशिवाय काही विचारलं नाही, आणि कामाचं विचारलं तर आधी थोडा गृहपाठ करून येत.

माझी आणि त्यांची मैत्री सुकटीमुळे झाली. माझ्या डब्याचा वास आला की बाकीचे खिडक्या उघडत. मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "शकीलभाऊ, तुमच्या कोकणात तिखट नाही का मिळत?" दुसऱ्या दिवशी स्वतः करून आणली. ती खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांना फार आनंद झाला. तेव्हापासून गाडी, गिऱ्हाईक, गाऱ्हाणी, सगळं त्या मला सांगत. भाऊ म्हणत, तरी मी मात्र मॅडमच म्हणत राहिलो.

पिस्तुलाचं प्रकरण मीच आणलं. रुस्ताक गावच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एक जुनं दुकान आहे. खंजिराच्या म्यानांचं चांदीकाम, जुन्या बंदुकांची डागडुजी आणि परवानेवाल्यांसाठी शस्त्र साफ करायचं सामान, असं सगळं तिथे चालतं. दुकानदार म्हणाला, माझी काही गिऱ्हाइकं लहान पिस्तूल बाळगतात, त्याला नेमकं कुठलं तेल द्यावं ते तुमच्या त्या बाईंना विचार. त्याचा एक खडीचा क्रशरही आहे, त्याच्या तेलाचा घोळ एकदा मॅडमनी निस्तरला होता, तेव्हापासून त्याचा त्यांच्यावर विश्वास.

मी ऑफिसात येऊन विचारलं.

"पिस्तूल केवढं?" मॅडम म्हणाल्या.

"तळहातात मावेल एवढं."

"ठेवतात कुठे?"

"कमरेला. त्या लांब डिशदाशाच्या झग्याआत."

"उन्हाळ्यात पण?"

"उन्हाळ्यात पण."

"म्हणजे दिवसभर घामात. अन् संध्याकाळी एसीत. अन् मधे गाडीत, धुळीत." त्या स्वतःशीच बोलत होत्या. "कोणी मला पिस्तुलाचं विचारलंच नव्हतं आजवर. बाबांना सांगते आज."

प्रधानसाहेबांनी लगेच उपाय काढला. गोदामात गंज सोडवायच्या पातळ तेलाची पिंपं पडून होती, त्यांनीच स्वस्तात घेतलेली. लहान बाटल्यांत भरू, वर पिस्तुलाचं चित्र छापू, झालं. मॅडम म्हणाल्या, गंजलेला बोल्ट सोडवायचं तेल वेगळं आणि रोज सरकणाऱ्या भागाचं वेगळं. साहेब म्हणाले, अहो, एवढंसं तर पिस्तूल. "एवढंसं आहे म्हणूनच सांगते," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या यंत्राला वजन असतं, ते थोडा चिकटा ढकलून पुढे जातं. ह्याचा वरचा सरकता भाग हलका, जागा इवलीशी. जरा चिकट झालं की अर्ध्यात थांबेल."

मग त्यांनी पोलादाच्या बोटभर पट्ट्या कापून घेतल्या, घासून लख्ख केल्या आणि प्रत्येकीवर वेगळं तेल लावलं. काही पट्ट्या त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर. माबेला ते गाला रोजचा तो लांबलचक रस्ता, वर तळपतं ऊन, आणि पट्ट्या काचेखाली भाजतायत. काही पट्ट्या गोदामाच्या दारात, जिथे दिवसभर ट्रक धूळ उडवतात. ग्रीस पहिल्याच आठवड्यात बाद झालं, त्यावर वाळूचा जाड थर बसला. साहेबांच्या पिंपातलं तेल आधी छान चकाकलं, मग उडून गेलं आणि मागे पिवळा चिकट पापुद्रा राहिला. मॅडमनी ती पट्टी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाल्या, "बोट लावून बघा." साहेबांनी लावलं आणि मग बराच वेळ टिश्यू शोधत बसले.

घामाची परीक्षा राहिली होती. त्यासाठी मॅडमनी ऑफिसातल्या प्रत्येकाला एकेक पट्टी दिली आणि खिशात बाळगायला सांगितलं. ड्रायव्हर, अकाउंटंट, गोदामाचे लोक, सगळ्यांना. अर्धी पट्टी तेल लावलेली, अर्धी कोरडी. कुणी चेष्टा केली, कुणी पट्टी घरी विसरून बोलणी खाल्ली. थोड्या दिवसांनी पट्ट्या गोळा झाल्या. कुणाची जशीच्या तशी, कुणाची डागाळलेली, आणि प्रधानसाहेबांची दोन्हीकडून गंजून लालभडक. साहेबांचा चेहरा पडला. एसीत बसणारा माणूस मी, म्हणाले, काहीतरी चूक आहे.

"चूक नाही, साहेब. काही लोकांचा घाम लोखंडाला जास्त खातो. त्यात कमीपणा नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही. "तुम्ही फक्त माझ्या पट्ट्यांना हात लावू नका."

गोदामातले लोक ते वाक्य अजून एकमेकांना म्हणून दाखवतात.

शेवटी त्यांनी एक पातळ सिंथेटिक तेल निवडलं. महाग होतं, पण उन्हात उडत नव्हतं, घामाला दाद देत नव्हतं आणि नीट पुसलं की धूळही फारशी धरत नव्हतं. कसं लावायचं तेही दुकानदाराला स्वतः जाऊन दाखवलं. सरकत्या भागाच्या खाचेत सुईच्या टोकाने एक थेंब, बाकी सगळं फडक्याने पुसून टाकायचं. दुकानदार म्हणाला, थोडं जास्त लावलं तर काय बिघडतं? मॅडम म्हणाल्या, "जास्त लावणारा काळजी घेत नाही. त्याला पुसायचा कंटाळा असतो." मग तेलाच्या कागदावर सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची.

तेल चांगलं खपलं. आणि मग तक्रार आली.

तक्रार करणारे हमूद नावाचे वयस्कर गृहस्थ होते, पोलिसातून निवृत्त झालेले, रुस्ताकचेच. म्हणाले, तुमचं तेल वापरल्यापासून पिस्तूल चिकटतं. ऑफिसात प्रधानसाहेबांनी ही बातमी मिठाई वाटावी तशी सांगितली. मॅडम गाडीची किल्ली घेऊन उठल्या. मी बरोबर गेलो.

हमूदसाहेबांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, खजूर आणि कहवा झाला. त्यांना चांगलं हिंदी येत होतं. त्यांनी पिस्तूल आणलं, गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, आत काही नाही हे आम्हाला दाखवलं आणि वरचा भाग मागे ओढून सोडला. तो पुढे आला आणि अर्ध्यात अडकला. मग त्यांनी सवयीने ते पोटाशी धरलं आणि तळहाताने जोरात ठोकलं.

मॅडम उठल्या आणि त्यांनी हमूदसाहेबांचा हात धरला.

परक्या बाईने असा हात धरायचा, तोही त्यांच्याच मजलिसमध्ये. दारापाशी खेळणारी नातवंडं थांबून बघायला लागली. हमूदसाहेबांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"बेटी, खाली है," ते म्हणाले.

"आज खाली है," मॅडम म्हणाल्या. "कल?"

त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं. मॅडमनी हात सोडला आणि माफी मागितली नाही. मग वाकून त्यांनी पिस्तूल उचललं, नाकाशी नेलं आणि तशाच थांबल्या. माझ्याकडे केलं. मलाही वास आला. लुबानचा.

इथे कुणाच्या घरी गेलात की हा वास असतोच. लुबान निखाऱ्यावर टाकायचा आणि त्या धुरावर कपडे टांगायचे. पाहुण्यालाही निघताना धूर देतात. हमूदसाहेबांच्या घरी पिस्तुलाची चामड्याची खोळ धुऊन आणलेल्या डिशदाशांच्या बरोबरीनेच धुरावर टांगली जाई. आणि ते स्वतः, मोठ्या प्रेमाने, पिस्तूलही धुरावर फिरवत. "घरात जे जपायचं, त्याला धूर द्यायचा," ते म्हणाले. "माझे वडील त्यांच्या बंदुकीला देत असत." तो धूर म्हणजे शेवटी राळ. ती तेलावर बसायची, आणि मॅडमचं ते उत्तम, न उडणारं तेल तिला घट्ट धरून ठेवायचं.

मॅडमनी त्यांना समजावलं. धूर द्यायचाच तर कोरड्या पिस्तुलाला द्या, मग पुसा, मग थेंबभर तेल. हमूदसाहेब म्हणाले, कपाटात धूर भरलेलाच असतो, तो कसा पुसणार? "खरंय," मॅडम म्हणाल्या. "मग मला वेळ द्या. तोवर हे कुलपात ठेवा. कमरेला लावू नका."

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

"इन्शाल्ला मत बोलिये. हाँ बोलिये."

मी डोळे मिटून घेतले. हमूदसाहेब हसले, बराच वेळ हसले, आणि म्हणाले, "हाँ." आमच्यासमोरच पिस्तूल तिजोरीत गेलं.

परतीच्या रस्त्यावर मॅडम म्हणाल्या, "शकीलभाऊ, ऊन बघितलं मी, धूळ बघितली, घाम बघितला. धूर काहून नाही बघितला? रोज लिफ्टमध्ये तोच वास घेते ना मी." मी म्हटलं, त्यात तुमची काय चूक, बंदुकीला कोण धुरी देतं? "ते देतात," त्या म्हणाल्या. "अन् तेल मी त्यांच्यासाठीच निवडलं होतं."

दुसऱ्या दिवशी प्रधानसाहेबांनी दोन रस्ते मोकळे करून दिले. चूक गिऱ्हाइकाची आहे असं लिहून द्या, विषय संपला. नाहीतर तुमचं महागडं तेलही चिकटतंच, तर आपलं पिंपातलं स्वस्त तेल पास करा. दुकानदाराला ईदच्या आधी माल हवा होता आणि मॅडमच्या सहीशिवाय तो काही घेत नव्हता.

मॅडमनी दोन्ही रस्ते नाकारले. स्वतःच्या तेलावरची सही मागे घेतली, दुकानातल्या बाटल्या मला परत आणायला लावल्या, आणि म्हणाल्या, "एक उन्हाळा द्या. धुराची परीक्षा घेते. मग सांगते कुठलं चालेल ते. कदाचित कुठलंच चालणार नाही."

"आणि तोवर आम्ही काय विकायचं?"

"पिस्तुलाला काही विकू नका."

प्रधानसाहेब खुर्चीत मागे रेलले. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचा करार संपतोय. मुलगी अकरावीची परीक्षा देतेय ना? बारावीला शाळा बदलणं फार जड जातं हो मुलांना."

मी तिथेच उभा होतो, हातात परत आणलेल्या बाटल्यांचा खोका. मला त्या क्षणी साहेबांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.

"कराराचं तुम्ही ठरवा," मॅडम म्हणाल्या. "सहीचं मी ठरवते."

करार वाढला नाही. त्यांच्या बाजूने कुणी बोट वर केलं नाही. मी बोललो, साहेबांशी बोललो, अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, ऑफिसातही जाऊन बसलो. चहा मिळाला, परतताना "बघू" मिळालं.

सगळ्यात जास्त चिडली ती प्रज्ञा. मुलगी इथेच वाढलेली, मैत्रिणी इथल्या, सगळं बोलणं इंग्रजीत. आईशी मराठी बोलायची ती शब्द शोधत शोधत. आमच्या घरी दोघी जेवायला आल्या होत्या, माझ्या बायकोने, रुबिनाने, मुद्दाम बोलावलं होतं. जेवताना प्रज्ञा रडायलाच लागली. "सगळे करतात, आई. इट्स जस्ट अ सिग्नेचर. माझं पूर्ण ट्वेल्थ..." पुढे तिला मराठीत सापडेना आणि इंग्रजीत बोलवेना.

रुबिनाने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी ताटातला हात थांबवला.

"त्या म्हाताऱ्याने ते पोटाशी धरलेलं मी बघितलं," त्या म्हणाल्या. "दारात त्याची नातवंडं होती. तू नाही बघितलंस, तुझ्यावर माझा राग नाही. पण मी बघितलं."

प्रज्ञा ताटावरून उठून गेली. त्यानंतर ती आईशी बोलेनाशी झाली. परीक्षा दिली, निकाल लागला, शाळेचा दाखला आला, आणि हे सगळं घरात एका छपराखाली न बोलता पार पडलं. मॅडम मला सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बसलेला असे. त्यांना रडताना मी पाहिलं नाही. पण एवढ्या बोलक्या बाईच्या घरात अशी शांतता, ती त्यांना किती लागत असेल हे मला कळत होतं.

निघायच्या दिवशी, शुक्रवारी, मी आणि रुबिना माबेलाला गेलो. एसी आधीच विकलेला, खिडक्या सताड उघड्या आणि बाहेरून भट्टीचा वारा. खोलीभर खोके. मॅडम जमिनीवर बसून एका खोक्याची झाकणं गुडघ्याने दाबून धरत होत्या, पायात त्या दिवशीही सेफ्टी शूज. प्रज्ञा दुसऱ्या खोक्यात पुस्तकं भरत होती, आईकडे पाठ करून. रुबिना स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळायला गेली.

मॅडमचा फोन ओट्यावर वाजला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले. प्रज्ञाने जाऊन पाहिलं आणि नाव वाचून दाखवलं. प्रधानसाहेब. मॅडमनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"बाळा, आई आहे का? तिला सांग, अजून उशीर झालेला नाही. रविवारी ऑफिसात ये म्हणावं. तो एक कागद झाला की व्हिसाचं मी बघतो. तुझी शाळापण राहील. सांगशील ना?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. मान हलवली नाही, खूण केली नाही. गुडघा खोक्यावर तसाच दाबलेला, आणि नजर मुलीवर. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते प्रधानसाहेबांसमोर कधी दिसलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

प्रज्ञाने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"काका," ती म्हणाली, आणि थांबली. शब्द जुळवत होती. "आई सही... नाही करणार. ती सामान बांधते आहे. मी पण."

पलीकडून काहीतरी बोलणं सुरू झालं, तोवर तिने फोन बंद करून ओट्यावर पालथा ठेवला. मग ती येऊन आईच्या समोर बसली आणि खोक्याची दुसरी बाजू दाबून धरली.

"मी अजून रागावलेलीच आहे तुझ्यावर," ती म्हणाली.

"रहा," मॅडम म्हणाल्या. "टेप दे इकडे."